पँझर ३ : चार वेळा बदललेली चाकं

कमानपाटा

नमस्कार मंडळी,

ट्रकच्या सस्पेन्शनच्या कामात माझी सव्वीस वर्षं गेली, त्यातली पहिली नऊ नुसते पाटे (लीफ स्प्रिंगच्या कमानदार पोलादी पट्ट्या) भरण्यात. चिंचवडच्या ज्या शेडमध्ये मी शिकलो, तिथे जादा माल भरून बसलेली गाडी जॅकवर घेतली की उस्ताद आधी मेन पाट्यावरून बोट फिरवायचे. तडा डोळ्याला दिसायच्या आधी बोटाला लागतो, असं ते म्हणायचे आणि ते खरं आहे. त्यामुळे दुसऱ्या महायुद्धातल्या रणगाड्यांचे फोटो बघताना माझी नजर तोफेकडे जायच्या आधी खाली चाकांकडे जाते. जर्मनीच्या पँझर ३ या रणगाड्याच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांवर मराठीत फारसं कुणी लिहिलेलं मला सापडलं नाही, म्हणून हा धागा.

पार्श्वभूमी थोडक्यात. १९१९ च्या व्हर्साय कराराने जर्मनीला रणगाडे बनवायला बंदी घातली. तरी १९२९ ते १९३३ या काळात रशियात कझानजवळच्या 'कामा' नावाच्या तळावर जर्मन अधिकारी चोरून रणगाडे चालवून बघत होते, आणि त्या गाड्यांना कागदोपत्री 'ट्रॅक्टर' म्हणत होते. हिटलर सत्तेवर आल्यावर ओस्वाल्ड लुट्झ आणि हाइन्झ गुडेरियन या सेनाधिकाऱ्यांनी दोन मध्यम रणगाड्यांची कल्पना मांडली. एक शत्रूचे रणगाडे फोडणारा, तो पुढे पँझर ३ झाला. दुसरा आखूड ७५ मिमी तोफेने त्याला मागून आधार देणारा, तो पँझर ४. पँझर ३ चं सांकेतिक नाव 'त्सूगफ्यूररवागन', म्हणजे तुकडीप्रमुखाची गाडी. डाइमलर-बेंझ, क्रुप, मान आणि राइनमेटाल या चार कंपन्या स्पर्धेत होत्या. डाइमलर-बेंझचा नमुना पसंत पडला.

तोफेवरून वाद झाला. गुडेरियनना ५० मिमी हवी होती. शस्त्रास्त्र खात्याचं म्हणणं असं की पायदळाकडे ३७ मिमीची रणगाडाविरोधी तोफ आहेच, तोच दारूगोळा रणगाड्यालाही चालेल, उगाच दोन प्रकार कशाला? शेवटी ३७ मिमीवर तडजोड झाली. पण तोफ बसवलेला बुरूज ज्या कड्यावर फिरतो त्याचा व्यास मात्र १५२० मिमी इतका मोठा ठेवला, म्हणजे उद्या गरज पडली तर मोठी तोफ मावेल. या रणगाड्याच्या सगळ्या आयुष्यात मला हा निर्णय सगळ्यात शहाणपणाचा वाटतो.

आता चाकं. १९३७ ची 'ए' आवृत्ती, गाड्या १०. प्रत्येक बाजूला पाच मोठी चाकं आणि कॉइल स्प्रिंगा. वजन १५ टनांच्या आसपास, मायबाखचं २५० अश्वशक्तीचं इंजिन मागे, आणि बुरुजाच्या पायाखालून जाणारा शाफ्ट पुढच्या गिअरबॉक्सपर्यंत. खाचखळग्यांत ही गाडी नुसती डुलत राहायची. चाकं पाचच, म्हणजे प्रत्येक चाकावर येणारा भार जास्त.

'बी' मध्ये सगळं बदललं. पाचाऐवजी आठ लहान चाकं, दोन-दोनच्या जोड्यांनी, आणि त्यांच्यावर दोन लांबलचक पाट्यांचे संच. हे चित्र पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी थबकलो. हे तर आपलं काम! भार जास्त चाकांवर वाटला गेला, हे बरोबर. पण एका लांब पाट्यावर दोन-दोन जोड्या टांगल्या की पुढची जोडी दगडावर चढताच तिचा झटका त्याच पाट्यातून मागच्या जोडीला पोचतो. म्हणून 'सी' मध्ये दोनाचे तीन संच केले, मध्ये मोठा आणि पुढे-मागे एकेक लहान. पुढच्या जोडीला आता स्वतःचा पाटा मिळाला. 'डी' मध्ये ते पुढचे-मागचे लहान पाटे आडवे न ठेवता जरा तिरके बसवले. समोरून येणारा दणका सरळ वरून येत नाही, तिरका येतो, त्याच्या रोखाने पाटा झुकवला. सव्वीस वर्षं हे काम करणाऱ्याला त्या तिरक्या पाट्यात एक माणूस दिसतो. चाचणीच्या मैदानावरून परतलेल्या गाडीखाली झोपून, कुठे घासलंय, कुठे वाकलंय ते बघणारा.

आणि इतकं करूनही ते कोडं पाट्याने सुटलं नाही.

'ई' आवृत्तीत पाटेच काढून टाकले. बाजूला सहा मध्यम चाकं आणि टॉर्शन बार. या पद्धतीमागे लष्कराच्या चाचणी खात्यातला अभियंता हाइनरिख क्निपकांप याचा मोठा हट्ट होता. पुढे पँझर ३ ची बारावी आवृत्ती निघाली तरी या सहा चाकांची मांडणी कुणी बदलली नाही. चिलखत एकदम दुप्पट, १४.५ वरून ३० मिमी. इंजिन ३०० अश्वशक्तीचं. फक्त त्याच हौसेत व्हेरिओरेक्स नावाचा दहा गिअरांचा अर्धस्वयंचलित गिअरबॉक्स घातला आणि तो फार कटकटीचा निघाला. 'एच' आवृत्तीत तो काढून साधा सहा गिअरांचा घालावा लागला.

'ई' च्या ९६ गाड्या डिसेंबर १९३८ ते ऑक्टोबर १९३९ या काळात बाहेर पडल्या. त्यामुळे १ सप्टेंबर १९३९ ला पोलंडवर हल्ला झाला तेव्हा जर्मन सैन्याकडे पँझर १ होते १,४४५, पँझर २ होते १,२२३ आणि हा मुख्य लढाऊ रणगाडा म्हणवणारा पँझर ३ फक्त ९८.

'ए' ते 'डी' मिळून त्या पहिल्या ७० गाड्या वाया गेल्या असं लिहिलेलं बऱ्याच ठिकाणी वाचतो. मला ते पटत नाही. घाईने पहिल्याच नमुन्याच्या हजार गाड्या काढल्या असत्या, तर त्या वाया गेल्या असत्या.

तुमचं मत जरूर लिहा.

रानजाई

खूप सुंदर लिहिलंय दादा. मला यंत्रातलं काही कळत नाही तरी शेवटपर्यंत वाचलं. एक शंका. टॉर्शन बार म्हणजे नेमकं काय? स्प्रिंग डोळ्यांसमोर येते, पाटा ट्रकखाली बघितलाय. हे काही नजरेसमोर येत नाही.

कमानपाटा

रानजाई ताई, एक लांब सळई बाकाच्या व्हाइसमध्ये एका टोकाला घट्ट आवळा. दुसऱ्या टोकाला मोठा पाना लावून दाबा. सळई पिळली जाईल, आणि हात सोडला की पाना उसळून परत जागेवर येईल. तो पाना म्हणजे चाकाचा दांडा आणि सळई म्हणजे टॉर्शन बार. पँझर ३ मध्ये ही सळई गाडीच्या तळाशी आडवी, या कडेपासून त्या कडेपर्यंत असते. डाव्या चाकाची सळई उजव्या भिंतीत अडकवलेली, उजव्याची डाव्या भिंतीत. दोन्ही एकाच जागी मावत नाहीत, शेजारी-शेजारी ठेवाव्या लागतात. म्हणून डावी आणि उजवी चाकं एकमेकांच्या अगदी समोर नसतात, थोडी मागे-पुढे असतात. फोटोत लक्ष देऊन बघा, एकदा कळलं की दर वेळी दिसतं.

फायदा असा की प्रत्येक चाक आपापलं वर-खाली होतं, शेजाऱ्याला त्रास देत नाही. आणि सगळा ऐवज पोलादाच्या आत, गोळी लागायची भीती नाही. बाहेर लटकणाऱ्या पाट्याचं तसं नव्हतं.

शिलेदार७७

लेख उत्तम, पण निष्कर्षाशी असहमत. सत्तर गाड्यांचे प्रयोग मैदानावरच राहिले असते तर तुमचं म्हणणं मान्य केलं असतं. या गाड्या पोलंडमध्ये लढायला पाठवल्या होत्या. १४.५ मिमीचं चिलखत! पोलिश पायदळाची रणगाडाविरोधी रायफल ते जवळून भेदत होती, ३७ मिमीची बोफोर्स तोफ तर लांबूनही. आत बसलेल्या पाच जणांना पाटे तिरके आहेत की सरळ याने काय फरक पडला असेल? पोलंडची मोहीम संपल्यावर काही महिन्यांत यातल्या बहुतेक गाड्या आघाडीवरून काढून प्रशिक्षणाला दिल्या, यातच सगळं आलं.

दुसरं, हा रणगाडा ज्यांच्या हातात होता त्यांनी पोलंडमध्ये काय केलं हे विसरून नुसतं यंत्राचं कौतुक मला जड जातं.

कमानपाटा

शिलेदार, दुसरा मुद्दा आधी घेतो. तुम्ही म्हणता ते मलाही डाचतं. चांगलं पोलाद आणि चांगला कारागीर वाईट कामाला लागतो तेव्हा त्याचा परिणाम जास्त भयंकर होतो, कारण ते यंत्र चालतं. ते नीट समजून घेणं म्हणजे ते माफ करणं नाही, असं मी मानतो.

पहिला मुद्दा मान्य. प्रयोगाच्या गाड्या लढाईत ढकलल्या, कारण दुसऱ्या नव्हत्याच. 'वाया गेल्या नाहीत' हे मी अभियंत्याच्या बाजूने म्हटलं, आत बसलेल्यांच्या बाजूने ते म्हणता येणार नाही.

तोफखाना

वाचतोय. एक भर घालतो. 'बी' च्या सांगाड्यावर पाच गाड्या वेगळ्याच कामासाठी बनवल्या गेल्या. १९३५ मध्ये एरिख फॉन मानश्टाइन या जर्मन सेनाधिकाऱ्याने पायदळासोबत चालणाऱ्या, बुरूज नसलेल्या तोफगाडीची कल्पना मांडली होती. तिचे पहिले पाच नमुने या आठ चाकांच्या सांगाड्यावर उभे राहिले. वरचा भाग साध्या लोखंडाचा असल्याने ते लढाईला कधी गेले नाहीत, प्रशिक्षणात वापरले. पण त्यातूनच स्टुर्मगेशुट्झ ३ आली. पँझर ३ चं उत्पादन १९४३ मध्ये बंद पडलं, ही तोफगाडी मात्र युद्ध संपेपर्यंत निघत राहिली. पँझर ३ साडेपाच हजारांच्या वर बनले, तर या तोफगाड्या दहा हजारांच्या घरात. म्हणजे ते सहा चाकांचं सस्पेन्शन मूळ रणगाड्यापेक्षा त्याच्या या भावंडाखालीच जास्त फिरलं.

शिलेदार७७

तोफखाना, चांगली माहिती. मग मूळ प्रश्न राहतोच. पँझर ३ लढाईत चांगला होता का? १९४० मध्ये फ्रान्सच्या बी-१ बिस रणगाड्याला ६० मिमी चिलखत होतं. १६ मे ला स्तोन गावात कॅप्टन बियोतचा 'यूर' नावाचा एकटा बी-१ जर्मन रणगाड्यांच्या रांगेत घुसला, १३ रणगाडे फोडले आणि अंगावर १४० खुणा घेऊन परत गेला. एकही गोळा आत शिरला नाही. पाच दिवसांनी फ्रान्समधल्याच आरासला ब्रिटिशांच्या मटिल्डा रणगाड्यांसमोर तीच गत. जर्मन पायदळानेच त्या ३७ मिमीच्या तोफेला 'दार ठोठावणारी' असं नाव ठेवलं होतं. ज्या तोफेवर सैनिक हसतात ती तोफ मुख्य रणगाड्यावर?

कमानपाटा

इथे मात्र मी तुमच्याशी भांडणार.

तोफ कमी पडली, शंभर टक्के कबूल. गुडेरियन बरोबर होते, खातं चुकलं होतं. पण त्याच मे महिन्यात बेल्जियममध्ये हानूपाशी काय झालं ते बघा. १२ ते १४ मे, समोर फ्रेंच जनरल प्रियू यांचं घोडदळाचं कोअर, त्यांच्याकडे सोमुआ एस-३५ रणगाडे. चिलखत पँझर ३ पेक्षा जाड, ४७ मिमीची तोफ ३७ पेक्षा सरस. कागदावर सोमुआ जिंकायला हवा होता.

सोमुआच्या बुरुजात एक माणूस बसतो. एकच. तो कमांडर. शत्रू कुठे आहे ते त्यानेच शोधायचं, तोफ त्यानेच रोखायची आणि उडवायची, गाडी कुठे वळवायची ते ड्रायव्हरला सांगायचं, आणि तुकडीचा प्रमुख असेल तर बाकीच्या गाड्यांवरही लक्ष ठेवायचं. तोफेच्या दुर्बिणीला डोळा लावला की बाकी जग बंद.

पँझर ३ च्या बुरुजात तिघं. डाव्या हाताला तोफ रोखणारा, उजवीकडे गोळा भरणारा, आणि मध्ये मागे, थोडा उंच, कमांडर. त्याच्या डोक्यावर चहूबाजूंना फटी असलेली लहानशी घुमटी. त्याचं काम एकच, बघायचं आणि सांगायचं. खाली पुढे ड्रायव्हर आणि रेडिओवाला. आतल्या आत बोलता येईल अशी सोय, कारण इंजिनाच्या आवाजात शेजाऱ्याचं ओरडणंही ऐकू येत नाही. ही मांडणी 'ए' पासून होती. चाकं चार वेळा बदलली, या पाच माणसांची जागा एकदाही बदलली नाही. आजही पाश्चात्त्य बनावटीच्या अनेक रणगाड्यांच्या बुरुजात कमांडर, तोफवाला आणि गोळा भरणारा असे तिघंच असतात.

सगळंच आदर्श होतं असं नाही. बुरूज फिरवायला मोटर नव्हती, हाताने चाक फिरवावं लागे. सुरुवातीच्या आवृत्त्यांत बुरुजाला स्वतःची जमीन नव्हती. कमांडर आणि तोफवाला यांची आसनं बुरुजाला जोडलेली, ते बुरुजासोबत फिरायचे. गोळा भरणारा बिचारा गाडीच्या तळावर उभा. बुरूज वळला की त्याने हातात गोळा घेऊन त्याच्यासोबत पावलं टाकत फिरायचं.

तोफखाना

याला जोड म्हणून सांगतो. १९४० मध्ये रशियनांना जर्मनीकडून एक पँझर ३ मिळाला. त्यांनी तो मॉस्कोजवळच्या कुबिंकाच्या चाचणी मैदानावर आपल्या टी-३४ रणगाड्यासोबत चालवला. खडीच्या रस्त्यावर पँझर ३ ताशी ६९.७ किमी गेला, टी-३४ साधारण ४८. पण रशियन अभियंत्यांना वेगापेक्षा तीन माणसांचा बुरूज, ती घुमटी आणि टॉर्शन बार यांचं जास्त अप्रूप वाटलं. त्यांनी टी-३४ ची सुधारित आवृत्ती आखली, त्यात यातलं बरंच होतं. मग जून १९४१ ला युद्ध पेटलं आणि ती आखणी कागदावरच राहिली. टी-३४ ला तीन माणसांचा बुरूज मिळायला १९४४ उजाडलं.

कमानपाटा

६९.७! त्या वेगाला चाकांवरचं रबर किती टिकलं असेल, या विचारानेच माझ्या पोटात गोळा येतो. जर्मनांनी स्वतः ४० च्या आतबाहेर चालवायची ताकीद दिली होती ती त्यामुळेच.

रानजाई

१५२० मिमीच्या त्या कड्याचं पुढे काय झालं? मोठी तोफ बसली का शेवटी?

कमानपाटा

बसली, ताई. 'एफ' आवृत्तीच्या शेवटच्या गाड्यांपासून ५० मिमीची आखूड तोफ आली, 'जी' आणि 'एच' वर तीच. लांब नळीची ५० मिमी १९४१ च्या शेवटी 'जे' वर. तिला उशीरच झाला, कारण तोवर रशियात टी-३४ शी गाठ पडली होती. त्यानंतर लांब ७५ मिमी हवी झाली, आणि ती १५२० च्या कड्यात काही मावेना. पँझर ४ चं कडं थोडं मोठं होतं, तिथे ती बसली. मग दोघांनी कामं बदलली. पँझर ४ रणगाडे फोडायला पुढे गेला, आणि पँझर ३ च्या शेवटच्या 'एन' आवृत्तीवर पँझर ४ चीच जुनी आखूड ७५ मिमी चढवून त्याला आधाराच्या कामाला लावलं.

शिलेदार७७

तीन माणसांच्या बुरुजाचा मुद्दा पटला. हानूचं उदाहरण मी या नजरेने बघितलं नव्हतं. तरी रणगाड्याच्या प्रेमात पडणार नाही.

ता. क. पाण्याखालून जाणाऱ्या पँझर ३ बद्दल कुणीतरी लिहा.

तोफखाना

इंग्लंडवर उतरायचं ठरलं होतं तेव्हा १९४० मध्ये 'एफ', 'जी', 'एच' च्या काही गाड्या त्यासाठी तयार केल्या. बुरुजाच्या कड्यात फुगवता येणारी रबरी नळी, तोफेच्या तोंडावर आणि घुमटीवर रबराची टोपी, धुराड्याला पाणी आत न येऊ देणारे व्हॉल्व्ह, आणि हवेसाठी १८ मीटर लांबीची नळी, तिचं वरचं टोक तरंगत्या बोयावर. समुद्राच्या तळावरून १५ मीटर खोलीपर्यंत चालत किनाऱ्याला लागायचं. आत बसलेल्याला बाहेरचं काही दिसत नाही, दिशा वरून रेडिओवर सांगायची. ते आक्रमण झालंच नाही. मग २२ जून १९४१ च्या पहाटे १८ व्या पँझर डिव्हिजनच्या अशा गाड्या प्रातुलिनजवळ बग नदीच्या तळावरून पलीकडे रशियाच्या हद्दीत चढल्या. नदीला लांब नळीची गरज नव्हती, लहान पाइपवर भागलं.

मुक्काम_वाई

इथे पहिल्यांदाच लिहितोय. नगरच्या रणगाडा संग्रहालयात दोन वेळा गेलोय. तिथे मटिल्डा आणि व्हॅलेंटाइन उभे आहेत, मटिल्डाच्या पोलादावर हात ठेवून बघितला. आरासचा उल्लेख वाचून ते आठवलं.

लिहिण्याचं कारण वेगळं. माझे पणजोबा मराठा पलटणीत होते, दुसरी बटालियन, पाचवी मराठा लाइट इन्फंट्री. ही पलटण जून १९४१ मध्ये इजिप्तच्या सीमेवरच्या हालफाया खिंडीच्या लढाईत होती आणि पुढच्या वर्षी लिबियातल्या तोब्रुकला ११ व्या हिंदी ब्रिगेडमध्ये. २० जून १९४२ ला पहाटे आधी विमानांचे बाँब पडले, आणि मग जर्मन सेनापती रोमेलच्या १५ व्या आणि २१ व्या पँझर डिव्हिजनचा मुख्य हल्ला नेमका मराठ्यांच्या भागावर आला. दुसऱ्या दिवशी तोब्रुक पडलं. तीस हजारांवर सैनिक कैद झाले, त्यात आमचे पणजोबा. कैदेत तीन वर्षांच्या आत-बाहेर काढून आले.

ते तोब्रुकबद्दल बोलायचे नाहीत. आजोबांना एकदाच सांगितलं होतं, ते मी आजोबांकडून ऐकलं. खंदकावरून रणगाडा गेला तेव्हा वर अर्धा बाहेर आलेला एक गडी उभा होता. त्याच्या हातात बंदूक नव्हती, काहीच नव्हतं. तो लढत नव्हता, नुसता इकडे-तिकडे बघत होता, आणि त्याच्या गळ्याला काळा पट्टा आवळलेला होता. पणजोबांना तो पट्टा कायम लक्षात राहिला. त्यांना वाटायचं, त्याला गळ्याला लागलंय आणि तरी तो उभा आहे. तुम्ही वर कमांडरबद्दल लिहिलंत ते वाचून विचारावंसं वाटलं. तो पट्टा कसला असेल?

कमानपाटा

मुक्काम_वाई, तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला. पणजोबांना माझा नमस्कार.

२० जूनला त्या दोन डिव्हिजनांकडे सगळ्यात जास्त संख्येने पँझर ३ च होते, 'जी', 'एच' आणि 'जे'. म्हणजे खंदकावरून गेलेला बहुधा तोच असणार, बाजूला सहा चाकांचा.

पट्टा जखमेचा नव्हता. त्यात गळ्याच्या दोन्ही बाजूंना दाबून बसणारे दोन लहान मायक्रोफोन असतात. तोंडासमोर माइक धरला तर इंजिनाचा आवाजच जास्त जातो, म्हणून बोलताना गळा थरथरतो ती थरथर हे मायक्रोफोन पकडतात. हात मोकळे राहतात. तुमच्या पणजोबांनी पाहिलं तेव्हा तो खाली आपल्या माणसांशी बोलत असणार.